सतरा नंबरची नळी

मांजर्ली, बदलापूर (प.)
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रेम,

दोन वर्षं आणि एक महिना मी तुला पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही. त्याबद्दल आधी माफी मागते. तू नंबर बदललास हे खरं आहे. पण ते मला आठ महिन्यांनी कळलं, म्हणजे आठ महिने मी तो नंबर लावूनच पाहिला नव्हता.

हे पत्र तुझ्या आईच्या हाती देणार आहे. बाळीताई दर रविवारी पश्चिमेच्या बाजारात बसतात हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणून दोन वर्षं मी भाजी पूर्वेकडून आणत होते. आज मुद्दाम त्या बाजूने गेले. त्यांनी लांबूनच ओळखलं. वालाच्या शेंगा तोलताना म्हणाल्या, "लय दिसांनी आलाव बाय. आजारी व्हताव का?" मी हो म्हणाले. पहिल्याच पानावर कबूल करते, मी आजारी नव्हते.

लिहिण्याचं कारण असं. डिसेंबरात आपल्या संशोधन केंद्रातली कपाटं आवरायला काढली. तेजल नावाची एक मुलगी दीड वर्षापूर्वी पीएचडीला आली आहे, उल्हासनगर कॅम्प चारची, तू ज्या टेबलावर बसायचास तिथेच बसते. तिला मागच्या खणात एक छोटी बाटली सापडली. वर तुझ्या अक्षरात '१७' लिहिलेलं, आत मी सतरा नंबरच्या नळीत वाढवलेल्या टंगस्टन-टेल्युरियमच्या स्फटिकांचे चार-पाच चंदेरी तुकडे. मला न विचारता तिने त्यातला एक चिकटपट्टीने सोलला, तीन थरांचा पापुद्रा काढला, वरखाली इलेक्ट्रोड लावले आणि व्होल्टेज पुढे-मागे फिरवलं. मग माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, लूप आलाय."

"हवेतल्या ओलाव्याचा असेल."

"सुकवून तीनदा केलं ना. जातो एका रस्त्याने, येतो दुसऱ्याच. आणि रूम टेंपरेचरला. मेरा दिमाग खराब हो गया है."

मी जाऊन पाहिलं. तुझाच आलेख होता, प्रेम. तोच डावीकडे जरा झुकलेला, त्याच दीड व्होल्टला उलटणारा. तुझ्या पहिल्या सेमिनारचं वाक्य मला आठवलं. धातूमध्ये वीज वाहते, आणि ते धावते इलेक्ट्रॉन आतली वर-खालीची कुठलीही दिशा झाकून टाकतात, म्हणून धातूला उलटवता येईल अशी दिशा नसते, असं आपण शिकलो. पण दोन-तीनच थर उरले तर झाकायला इलेक्ट्रॉनांना जागा पुरत नाही, असं तू म्हणाला होतास. मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं होतं. बहुतेक मीच.

तर तू आकडे हाताने बनवले नव्हतेस. समितीने तसं लिहिलं. सतराचे स्फटिक आता मिळत नाहीत आणि दुसऱ्या कुठल्याच नळीतल्या स्फटिकांत तो लूप दिसत नाही, सबब माहिती बनावट असण्याची दाट शक्यता, असं. विद्यापीठाने तुझा प्रबंध त्या ओळीवर अडवला. त्या अहवालावर पाच सह्या आहेत आणि तिसरी माझी आहे.

कमळाकर सर केंद्रप्रमुख म्हणून खूश आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेपर पाठवायचा म्हणतात. तेजलचं नाव पहिलं. तुझं नाव अजून कुठे नाही. मी बघते.

शलाकाताई


मांजर्ली
रविवार, २ फेब्रुवारी

प्रेम,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. आज बाळीताईंना विचारलं, पत्र पोचलं का.

"पोचला. तो वाचतो. वाचून चुलीत नाय घातला, येवडं सांगते."

"काही म्हणाला?"

"नाय. भाताच्या पेंढ्याच्या भाऱ्याला वेठण बांधीत बसला मंग."

गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यांनी मला शेजारच्या गोणीवर बसवून घेतलं आणि बोरं पुढे केली. मग म्हणाल्या, "बाय, त्यानं मला दोन चाळणी दावल्या व्हत्या. एकावर एक ठेवायच्या. वरची जराशी सरकवली का उजेड हिकडनं येतो, परत सरकवली का तिकडनं. मी म्हनलं, येवड्यासाठी सा वर्सं शिकला? तर म्हनला, आये, येवडंच हाय, पन सरकतं का नाय तेच कोनाला ठावं नाय." आणि मला विचारलं, "सरकतं का?"

मी म्हणाले, सरकतं.

"मंग त्याला घरी कशापायी धाडला?"

मी हातातलं बोर परत ठेवलं. म्हणाले, मी लिहिते त्याला सगळं. त्या म्हणाल्या, "लिवा. तुमाला लिवायला येतं."

आता केंद्रातलं सांगते. बाटलीतले तुकडे संपत आले. पेपरसाठी तोच परिणाम नव्या स्फटिकांत दाखवायला हवा, म्हणून मी एकतीस आणि बत्तीस नंबरच्या नळ्या वाढवल्या. तीच पावडर, तेवढंच ब्रोमीन, क्वार्ट्झची नळी तशीच वितळवून बंद केलेली, चौदा दिवस एका टोकाला ८५० अंश आणि दुसऱ्याला ७५०. स्फटिक सुंदर आले, सतरापेक्षा मोठे आणि सरळ. लूप नाही. एकाही पापुद्र्यात नाही. तेजल रोज संध्याकाळी येऊन विचारते, "ताई, सतरामध्ये तुम्ही वेगळं काय केलं होतं? कुछ तो किया होगा." मी रोज म्हणते, वही बघते.

हाच प्रश्न तू समितीसमोर मला विचारला होतास. टेबलाच्या त्या टोकाला उभा होतास, तुला बसायला कोणी सांगितलं नव्हतं. "ताई, सतरा नंबर वाढताना काही वेगळं झालं होतं का? काहीही. छोटं." मी वही उघडून सगळ्यांना पान दाखवलं आणि म्हणाले, "नाही. अखंड होती."

अखंड नव्हती. ज्या शुक्रवारी एमआयडीसीची लाइट दुरुस्तीसाठी बंद असते, तशाच एका शुक्रवारी आपला जनरेटर उशिरा लागला आणि भट्टी मध्येच थंड झाली. मला हे फार नंतर कळलं, तोवर समितीचं काम संपलं होतं.

हे तुला कळायला हवं होतं.

शलाका


मांजर्ली
रविवार, १६ फेब्रुवारी

प्रेम,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं होतं. पत्र बाळीताईंच्या पिशवीत गेलं आणि मी रिक्षात बसले तेव्हाच ते टोचायला लागलं होतं. मी उतरून परत गेले नाही. माझा हा स्वभाव मला नवा नाही. अकरावीपासून डायरी लिहिते, स्वतःच्या चुका तारीखवार मांडते, आणि मांडल्या की त्या मिटल्या असं मला वाटतं.

मला नंतर कळलं नाही. त्याच दिवशी कळलं.

शुक्रवार, २४ सप्टेंबर २०२१. सतरा नंबरचा नववा दिवस. आलेख काढणारं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून तासातासाला तापमान हाताने लिहायचं माझ्याकडे होतं. शुक्रवारी आनंदनगरमधले आजूबाजूचे कारखाने बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपला जनरेटर साडेनऊला चालू झाला होता. एक वाजताचा आकडा घेतला आणि मी मोरिवलीला आईकडे जेवायला गेले. चालत दहा मिनिटं. तिने वांग्याचं भरीत केलं होतं. जेवून जरा पाठ टेकली आणि झोपले. तिने उठवलं नाही, चादर घातली.

सव्वातीनला परत आले तर भगवंत वॉचमन गेटवरच उभा. "मॅडम, जनरेटर बसला होता. बॅटरी डाऊन. मी इकडून तिकडून वायर लावून चालू केला. चाळीस मिन्टं गेली असतील. फोन लावला तुम्हाला, उचलला नाय." फोन माझ्या पर्समध्ये होता, पर्स आईच्या पलंगाखाली.

नियम तुला माहीत आहे. वाढ मध्ये तुटली की नळी टाकून द्यायची. त्याआधी पंधरा नंबर फुटली होती आणि सोळा लाइटमुळेच टाकली होती. सर म्हणाले होते, "शलाका, अजून एक गेली तर ग्रोथ बाहेरून करून घेऊ." म्हणजे माझं काम काय उरलं असतं, तूच विचार कर.

मी वहीत दोन वाजताच्या रकान्यात लिहिलं ८५०. तीनच्या रकान्यात ८४९ लिहिलं. दोन्हीकडे ८५० लिहिलं तर बनवल्यासारखं दिसेल, म्हणून.

तुझ्यावर आकडे बनवल्याचा आरोप ठेवणाऱ्या समितीत त्या वहीचं पान पुरावा म्हणून फिरलं. सरांनी बोट ठेवून दाखवलं, बघा, किती नीट नोंदी आहेत.

अजून एक राहिलंय. तुला बाहेर पाठवून समिती बोलत होती तेव्हा बाहेरून आलेले एक सदस्य म्हणाले, "सवलतीवर आलेल्या मुलांना काहीतरी करून दाखवायची घाई असते, यात त्यांचा दोष नाही." हे त्यांनी समजूतदारपणे म्हटलं, म्हणजे तसं त्यांना वाटत होतं. सरांनी पुढचा कागद घेतला. माझ्यासमोर बिस्किटांची बशी होती. मी एक उचललं. तू त्याच वेळी बाहेर व्हरांड्यात उभा होतास आणि तुझ्या हातात तुझी वही होती. त्या वहीत एकही आकडा खोटा नव्हता, हे तिथे बसलेल्यांपैकी फक्त मला माहीत असायला हवं होतं. मला खात्री नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खात्री करून घ्यायची नव्हती, हे जास्त बरोबर आहे.

त्या दिवसाची डायरी काढून बघितली. त्यात असं आहे: "आईकडे भरीत. झोपले. भट्टी बंद पडली, ४० मि. (भगवंत). नोंद — बघू."

शलाका


आनंदनगर, केंद्रातून
रविवार, २ मार्च

प्रेम,

आज रविवार असूनही इथे बसून लिहितेय, कारण घरी बसले तर हे लिहीन की नाही याची शंका होती. बाजार उठायच्या आत बाळीताईंना गाठायचं आहे.

गुरुवारी मी कमळाकर सरांना सांगितलं. लाइट गेल्याचं, झोपल्याचं, दोन आकड्यांचं, सगळं. ते चिडतील अशी तयारी करून गेले होते. ते चिडले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे अर्ध्यात थंड झाल्यामुळे थरांच्या रचनेत गडबड राहिली. म्हणून थर सहज सरकतात. म्हणून दीड व्होल्टला उलटतंय. शलाका, ही तर रेसिपी झाली."

"सर, प्रेमचं काय?"

"सांगतो ना. पेपरमध्ये लिहू की नवव्या दिवशी चाळीस मिनिटं नियंत्रित खंड दिला. कंट्रोल्ड इंटरप्शन. छान वाटतं ऐकायला."

"आपण दिला नव्हता. बॅटरी डाऊन होती."

"बॅटरी डाऊन होती असं पेपरात लिहिणार आहेस का?" ते हसले. "हे बघ. प्रेमचे आभार मानू शेवटी. प्राथमिक निरीक्षणांबद्दल. तुझं नाव दुसरं टाकू. जुना अहवाल उकरून कोणाला काय मिळणार? तो मुलगा आता गावी सेटल झालाय. पुन्हा चौकशी लागली तर आधी तुझी नोकरी जाईल, मग माझी खुर्ची, मग तेजलचा पेपर. त्याची पीएचडी परत येईलच याची गॅरंटी आहे का? तू इमोशनल होऊ नकोस."

मी हो म्हणाले.

ते चहा मागवत होते, मी मान हलवली आणि हो म्हणाले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार हा 'हो' माझ्याजवळ होता आणि मला झोपही नीट लागली. आभारात का होईना, नाव येतंय, असं मनाशी म्हणत होते. नाव दुसरं टाकू म्हणाले ते ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पेपरांसाठी स्फटिक वाढवतेय, माझं नाव एकदाही वर गेलेलं नाही. तुझ्याच पहिल्या पेपरच्या मसुद्यात तू माझं नाव टाकलं होतंस. सरांनी काढलं, तू पुन्हा टाकलंस. तो पेपर मग निघालाच नाही.

आज सकाळी तुला हे कसं कळवायचं याची वाक्यं जुळवायला लागले. 'आपल्या सर्वांच्या हिताचा मार्ग' असं एक वाक्य तयार झालं आणि मी बस पकडून इथे आले.

अजून काही केलेलं नाही. केलं असतं तर तेही लिहिलं असतं.

शलाका


मांजर्ली
रविवार, ९ मार्च

प्रेम,

तुझी चिठ्ठी मिळाली. बाळीताईंनी शेवग्याच्या शेंगांच्या जुडीतून काढून दिली. म्हणाल्या, "उत्तार मागितलाय त्यानं. फुडल्या रविवारी नेते." मी तिथेच उभी राहून वाचली. तुझं अक्षर बाटलीवर होतं तसंच आहे. पूर्ण चिठ्ठी इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी काहीतरी दुसरंच वाचलं असं मला पुढे म्हणता येणार नाही:

"किती वेळात किती अंश उतरलं? पुन्हा चढायला किती वेळ लागला? दोन्ही टोकं एकदम थंड झाली की आधी एक? खरे आकडे असतील तर पाठवा. नसतील तर नाहीत असं लिहा. — प्रेम आगिवले"

'पाठवा' वाचून थांबले. पूर्वी तू मला 'ताई, तू' म्हणायचास. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

घरी येईपर्यंत मी मनात उत्तर लिहीत होते. चाळीस मिनिटं, हे तरी आहे. घरी पोचल्यावर वाटलं, भगवंतला एकदा विचारावं. तो आता निवृत्त आहे, मोरिवलीतच राहतो. संध्याकाळी गेले. ओट्यावर बसून नातीची वेणी घालत होता.

"भगवंतदादा, त्या दिवशी चाळीस मिनिटं म्हणालात. चाळीस म्हणजे नक्की किती?"

"चाळीस म्हंजे..." त्याने वेणी धरूनच विचार केला. "अर्धा तास तर सहज गेला. मग अजून थोडा."

"घड्याळ बघितलं होतं?"

"घड्याळ कुठं बघणार मॅडम, हात ग्रीसमध्ये. तुम्ही चिडाल म्हणून कमीच सांगितलं असेल."

नात हसायला लागली.

तेव्हा चाळीसही नाही. पाऊण तास असेल, तासही असेल. आणि यापेक्षा वाईट गोष्ट मला परत येताना उमगली. सव्वातीनला मी भट्टीसमोर उभी राहिले तेव्हा दोन्ही मीटर चालू होते. दोन्ही टोकांचं खरं तापमान लाल आकड्यांत माझ्या डोळ्यांपुढे होतं. तेवढे दोन आकडे जरी लिहिले असते तर आज तुला मागे मोजत जाता आलं असतं, भट्टी किती खाली गेली होती आणि किती वेळ. मी ते बघितले आणि त्यांच्या जागी ८४९ लिहिलं. आज डोळे मिटून बसले, आठवायचा प्रयत्न केला. सातशे काहीतरी? काही आलं की ते मीच बनवतेय असं वाटतं.

मी इतके दिवस समजत होते की एक गोष्ट लपवली, आणि ती कधीही बाहेर काढता येईल. पण ती आता कुठेच नाही. जे घडलं त्याचा आकडा या जगात फक्त माझ्याजवळ होता, आणि मी तो ठेवला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: खरे आकडे नाहीत.

शलाका


मांजर्ली
मंगळवार, १८ मार्च

प्रेम,

रविवारी बाळीताई बाजारात नव्हत्या. शेजारची म्हणाली, पाड्यावर लग्न आहे. त्यामुळे मागचं पत्र माझ्याकडेच आहे. हे त्याला जोडून येत्या रविवारी देईन, दोन्ही एकदम वाच.

काल मी समितीला अर्ज दिला, एक प्रत विद्यापीठाला. दोन पानं आहेत. २०२२ मधला माझा जबाब चुकीचा होता. सतरा नंबरची वाढ खंडित झाली होती आणि मला ते माहीत होतं. दोन आणि तीन वाजताच्या नोंदी मी घेतलेल्या नाहीत. त्याच स्फटिकांवर आता दुसऱ्या व्यक्तीला तोच परिणाम मिळाला आहे. सबब प्रेम चांगो आगिवले यांच्यावरचा निष्कर्ष मागे घ्यावा. शेवटी एक ओळ घातली, ती सर मला काढायला सांगत होते: नव्या नळीत परिणाम आला नाही तरी त्यावरून त्यांची माहिती बनावट ठरत नाही, कारण मूळ परिस्थितीची नोंद मी नष्ट केली आहे. ओळ ठेवली.

सर म्हणाले, "ठीक आहे. मग पुढे काय होतं ते मला विचारायला येऊ नकोस." मी म्हणाले, येणार नाही. एक तारखेपासून माझ्याकडे भट्टी नसेल, असं कार्यालयातून कळलं. निलंबनाचं अजून ठरायचं आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्या दिवशी मी उठवायला हवं होतं गं." साडेतीन वर्षांनी तिला हे वाटावं, हेही माझ्याच खात्यात.

तेजलला मी आधी सांगायला हवं होतं. तिला सरांकडून कळलं. ती माझ्या खोलीत आली, दार लोटलं.

"माझं नाव पहिलं होतं, ताई."

"माहीत आहे."

"दीड महिना मी रोज विचारत होते. रोज. तुम्ही वही बघते म्हणायचात. मी तुमच्यासाठी पण चहा आणायचे." ती रडली नाही, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "आणि तो, ज्याचं टेबल आहे माझ्याकडे, त्याने पण असंच विचारलं होतं ना?"

"हो."

"आप लोग ना," ती म्हणाली आणि थांबली. "पेपर मी थांबवला आहे. सरांना मेल केली. त्याचं नाव पहिलं नसेल तर माझंही नको. तुमच्यावर उपकार म्हणून नाही. उद्या माझ्यासोबत पण कोणी असंच करेल."

अकरा तारखेला मी तेहतीस नंबर लावली होती. उद्या तिचा नववा दिवस. भट्टी या आठवड्यात तेजलच्या नावावर आहे. तिने वेळापत्रकात माझं नाव लिहिलं आणि मला दाखवलं. "तुम्ही बसा. मी पण असेन, पण माझ्याशी बोलू नका." उद्या आम्ही मेन स्विच बंद करणार आहोत, एक तास. मग चालू करून चढ बघायचा. तू विचारलेल्या तिन्ही प्रश्नांना आकडे मिळतील. ते २०२१ च्या त्या शुक्रवारचे नसतील, हे मी प्रत्येक पानाच्या वर लिहून ठेवलं आहे.

स्फटिक बाहेर यायला अजून पाच-सहा दिवस. त्यांत लूप दिसेल की नाही, माहीत नाही. एक तास बरोबर की पाऊण, तेही माहीत नाही. पाच-सहा नळ्या लागतील, आणि त्या लावायला मी इथे असेनच असं नाही. म्हणून सगळ्या नोंदींची एक प्रत तुझ्या नावाने काढायला तेजलला सांगितलं आहे. काय करायचं ते तू ठरव. माझ्याशी बोलायला हवं असं काही नाही.

थांबते. लवकर उठायचं आहे.

उद्या : स्विच बंद केल्यापासून दर मिनिटाला दोन्ही टोकांचं तापमान लिहायचं, ज्या मिनिटाला नजर चुकेल, तो रकाना रिकामा सोडायचा.